एकाच माणसाची परवानगी

“एकालाच मिळेल,” कारकून मान वर न करता म्हणाला. “आत खोदकामाची यंत्रं आलीत. सोबत आमचा माणूस राहील. तुमचंच नाव घालतो ना, काका?”

“नको. हिचं घाला.”

कारकुनाने आता मात्र मान वर केली. म्हातारा कितीतरी दिवस परिवहन मंडळाच्या या कचेरीचे उंबरठे झिजवत होता. “अर्ज तुमचा, झाड तुम्ही लावलेलं, आणि आत जाणार काकू?”

“झाड तिचंच आहे. मी नुसतं पाणी घातलं.”

बस डेपोचं फाटक राखण्यात काकांची सगळी नोकरी गेली. येईल त्याला ‘थांबा!’ म्हणायचे, म्हणून डेपोत त्यांचं नाव पडलं थांबाकाका. परवानगी नसेल तर त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. एकदा मोठ्या साहेबांच्या मेहुणीलाही त्यांनी आल्या पावली परत पाठवलं होतं. तिथे बायकोची काय कथा! दुसऱ्या पाळीच्या फाटकवाल्याची बायको खुशाल आत जाऊन नवऱ्याजवळ बसायची. काकूंनी मात्र दुपारी गजांमधून डबा द्यायचा आणि घरचा रस्ता धरायचा.

वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत काकूंनी पत्र्याच्या डब्यात लिंबोणीचं रोप वाढवलं होतं. मुळं डब्यात मावेनात, तेव्हा काकांनी ते डेपोच्या मागच्या कुंपणाशी नेऊन लावलं. रीतसर विचारून, हे सांगायला नकोच. त्या दिवसापासून ते घरी आले की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, “कसं आहे?” लेक सासरी धाडल्यासारखी चौकशी चालायची. काका चहा पितापिता सांगायचे, आज पालवी फुटली, आज कळ्या धरल्या. किती सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या! लिंबू मात्र घरी एकही आलं नाही. मंडळाच्या जमिनीतलं लिंबू मंडळाचं, ते कँटीनला जायचं.

आता तिथे नवी इमारत येणार होती आणि झाड जाणार होतं. ते ऐकून काकू एवढंच म्हणाल्या, “एकदा बघायचं होतं हो.” जन्मात काही न मागितलेल्या बाईने हे मागितलं आणि काकांनी दुसऱ्याच दिवशी कचेरीत अर्ज दिला.

ठरल्या दिवशी दोघं फाटकाशी आले. काकूंना चालवत नव्हतं, तरी नवी साडी नेसल्या होत्या. फाटकावरचा माणूस काकांच्याच हाताखाली तयार झालेला.

“तुम्हीपण जा की, काका. साहेब नाहीत आज. तुम्हाला कोण अडवतंय?”

“नाव तिचं आहे,” काका म्हणाले.

“राहू दे रे बाबा,” काकू हसल्या. “हे स्वतःलासुद्धा आत सोडायचे नाहीत.”

काकांनी त्यांच्या हातात डबा दिला. “तिथं बसून खा. सावकाश.”

सोबतच्या माणसाचा हात धरून काकू आत गेल्या, बसच्या रांगेमागे दिसेनाशा झाल्या. काका गजांशी उभे राहिले, त्या उभ्या राहायच्या तिथेच. ऊन डोक्यावर आलं होतं. या जागेला दुपारी सावली नसते, हे त्यांना आज कळलं. इतकी वर्षं ते पलीकडच्या बाजूला होते, छपराखाली. त्यांना स्वतःचाच राग आला.

बऱ्याच वेळाने काकू परत आल्या आणि आतल्या बाजूने गजांना धरून दम खात उभ्या राहिल्या.

“कसं आहे?” काकांनी विचारलं. हा प्रश्न आज पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आला होता.

“लगडलंय नुसतं. अगदी तुम्ही सांगायचात तसं.” काकूंनी पदराने घाम टिपला. “बुंध्याशी दोन दगड आहेत बसायला. एक तुमचा. दुसरा कुणाचा हो?”



“तुझा,” काका म्हणाले. “रोप लावलं त्याच दिवशी आणून ठेवला होता.”

“वाटलंच मला. त्याच्यावरच बसले,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी गजांमधून डबा बाहेर दिला. त्यात अर्धं जेवण तसंच ठेवलेलं होतं.