वांग्यात गेलेली ओहोटी

अंदमानातल्या नील बेटावर, समुद्राकाठच्या तंबूत मैनाबाई जाग्या झाल्या त्या दिलेल्या शब्दाचं ओझं घेऊनच. "बाबाले तूच इचार, आई. माह्यं नाही ऐकत ते," असं म्हणून अमोलनं निघण्याआधीच काम त्यांच्या गळ्यात मारलं होतं. गावाकडचं, भातकुलीचं भाजीचं वावर बटाईनं द्यायचं आणि दोघांनी कायमचं पुण्याला त्याच्याकडे राहायला जायचं. मैनाबाईंनी 'हाव' म्हणून होकार दिला होता. गुडघे कुरकुरत होते, सून पौर्णिमा मायाळू होती. सौदा तोट्याचा नव्हता.

रामरावांना मात्र वास आलाच होता. लेक अंदमान दाखवण्याइतका गोड वागू लागला की बापानं आधी सातबारा चाचपावा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. विमानापासून ते घुम्मच होते.

आज पाहायचा होता लाटांनी कोरलेला दगडी पूल. ओहोटीतच तिथवर चालत जाता येतं, म्हणून अमोलची घाई. ऑटो नारळी-पोफळीतून निघाली आणि वळणावर वांग्याचं हिरवंगार वावर आलं.

"थांबव गा!" रामराव ओरडले.

अमोलला वाटलं, बाबांना लघवीला लागली. बाबा सरळ वांग्यात शिरले. निबर व्हायला आलेली वांगी पटापट तोडून दुपट्ट्यात टाकू लागले, जणू वावर भातकुलीचंच.

"ए दादा! किसका खेत है, मालूम है?" विळा घेऊन एक बंगाली म्हातारी धावत आली.

रामराव भानावर आले. दुपट्ट्यातल्या वांग्यांकडे पाहून त्यांचा चेहरा असा पडला की मैनाबाईंना हसू आवरेना. "माफ करो, बाई. इनको बैंगन दिखा का हात रुकतच नाही."

म्हातारीनं दोघांना न्याहाळलं. "तोड़ा है तो पूरा लाइन तोड़ो. आधा कौन तोड़ेगा?"

शिक्षा झाली. मैनाबाईही पदर खोचून ओळीत उतरल्या.

लग्नाच्या पहिल्या वर्षी हाच माणूस त्यांना छकड्यात घालून कौंडण्यपूरच्या जत्रेला निघाला होता. तिवस्याजवळ कुणाची तरी वांगी दिसली आणि छकडा तिथंच सुटला. जत्रा राहिली, बांगड्या राहिल्या, घरी आली ती वांग्याची रोपं. मैनाबाईंनी संक्रांतीपर्यंत अबोला धरला होता. पुढं अमरावतीच्या बाजारात गिऱ्हाइकं 'मैनाबाईची वांगी' म्हणून मागू लागली, तेव्हा कुठं रुसवा फिटला. आता शेजारच्या झाडामागून तोच माणूस घामेजून गुणगुणत होता. घर सोडल्यापासून त्याचा असा मोकळा आवाज आज पहिल्यांदाच ऐकू आला.

"अवो, तुमी त पूल पाहाले आले होते ना?"

"पूल कुठी पळून जाते?"

"पूल नाही पळत. पानी येते."

पाणी आलंच. ते पोचले तेव्हा पुलाकडची वाट बुडाली होती. अमोल चिडून एकटाच किनाऱ्यानं चालत राहिला.

संध्याकाळी तंबूपुढच्या विस्तवावर रामराव म्हातारीनं दिलेली वांगी भाजत बसले. पौर्णिमा मीठ शोधत होती. अमोल आईला बाजूला घेऊन म्हणाला, "इचारलं?"

"नाही. आन इचारनार बी नाही. तूबी नको इचारू."

"पन तुहे गुडघे, आई?"

"गुडघे माहे हायेत, मी पाहीन. त्या मानसाले पुण्यात खुर्चीवर बसवून पाह्याची मले हौस नाही."



"काय चालू हाय मायलेकाचं?" रामरावांनी विस्तवापासून विचारलं.

"काई नाही. घरी कवा जायाचं, ते इचारून राहिला."

रामरावांनी वांगं उलटलं. "मीबी तेच इचारनार होतो."