रेघेबाहेरचं बाकडं

मी एक जुनं बाभळीचं बाकडं आहे, मित्रांनो. सागवानाचा तोरा मला सांगू नका. सागवानाला लोक पुसून ठेवतात. माझ्यावर माणसं बसली!

तिसगावच्या रंगनाथ सुताराने मला घडवलं. नऊ फूट लांब, चार पाय, एकही डुगडुगत नाही. लंकाबाईंच्या रसवंतीपुढं, अंगणात माझी जागा. शेवगावच्या बाजाराला निघालेली माणसं माझ्यावर टेकल्याशिवाय पुढं जात नसत. उसाचा रस कुणी बसून प्यावा, कुणी तुळशीपाशी उभं राहून. रसाला कसली आलीय हद्द?

पुढं लंकाबाईंच्या मुलाने, आदिनाथने, रसवंतीच्या जागी बिअरचा छोटा कारखाना काढला. बाजरीची बिअर! परवान्याला जागेचा नकाशा लागतो. नकाशात दाखवाल तेवढ्याच जागेत गिऱ्हाइकाला ग्लास द्यायचा, असा नियम. आदिनाथ अंगणही दाखवत होता. लंकाबाई कडाडल्या, "तुळशीचं अंगण दारूच्या कागदावर? मी जित्ती हाय तवर न्हाई!"

नकाशावरची रेघ उंबऱ्याशीच थांबली. मी रेघेबाहेर राहिलं.

पहिल्याच दिवशी काकासाहेब आले, रसवंतीचं जुनं गिऱ्हाईक. नेहमीसारखे माझ्यावर टेकले. "आन रं आदिनाथ, एक ग्लास."

"काका, ग्लास भायेर आनता येत न्हाई. तुमीच आत या."

"का रं? ग्लास काय नवी नवरी हाय, उंबरा वलांडीना?"

हसत हसत आत गेले. बाहेर आले ते थेट एसटी धरायला.

तेव्हापासून हसणं मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. माझ्या वाट्याला धूळ, आणि एखादं आळसावलेलं कुत्रं. तेही ऊन आलं की उठून जातं.

गेल्या आठवड्यात आदिनाथ करवत घेऊन आला. "आये, आख्खं बाकडं आत मावत न्हाई. अर्धं कापून, दोन पाय नवे लावून नेतो."

काय सांगू, मला बाभळीला पालवी फुटल्यागत झालं! काप बाबा, लवकर काप!

लंकाबाईंनी करवत हिसकावली. "रंगनाथच्या हातचं हाय ते. हात तर लाव, मंग बघते!" मला पदराने पुसलं, मायेने थोपटलं, आणि घरात निघून गेल्या.

त्यांची माया खोटी नाही. पण मित्रांनो, एखादी वस्तू जपाल, तर तिला कशात सुख आहे तेही बघा. साडेचार फुटांचं झालं असतं मी, पण माणसांत असतं.