क्रेनमधली खुर्ची

"आधी इंजिन बंद करा. चारही इंडिकेटर लावा. आणि तिथं कडेला बसून घ्या, उभे राहू नका," आमचे हे त्या व्हॅनवाल्याला सांगत होते आणि मी आमच्या गाडीत पट्टा तसाच लावून, पर्स मांडीवर धरून बसले होते. नणंदेकडून परतताना भर दुपारी चौकात लाँड्रीच्या व्हॅननं आम्हाला धडक दिली होती. ह्यांच्या बाजूची काच फुटली, मागचं दार आत आलं, आणि गाडी थांबते न थांबते तोच हे उतरून कामालाही लागले होते. रस्त्यावर मागे लाल त्रिकोण ठेवला. फोटो काढले. क्रेन घेऊन ये म्हणून कामावरच्या जोडीदाराला फोन केला. मोडलेलं दार वाकून बघितलं. फक्त माझ्याकडे बघायचं राहिलं.

मला राग आला. मला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण ते त्यांना कुठं ठाऊक होतं?

ठोकलेल्या गाड्या उचलून नेणारी क्रेन चालवण्यात ह्यांचा जन्म गेला. जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर, एकच विषय. अपघात झाल्यावर काय करायचं, काय नाही. गाडी नंतर, माणसं आधी. कुठंही पोचले की ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाडीत कोण कोण होतं?" मग क्रेनमधली घडीची खुर्ची काढायची आणि ज्याचे पाय जास्त लटपटतायत त्याला बसवायचं. बसलेल्या माणसाला भांडता येत नाही, असं हे म्हणायचे. स्वतः मात्र त्या खुर्चीत कधी टेकले नाहीत. ती ठोकर खाल्लेल्या माणसाची, म्हणे. हे सगळं ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी मान डोलवायची आणि मनात उद्याच्या भाजीचा विचार करायची.

शेवटी हे माझ्या खिडकीशी आले. वाकून म्हणाले, "गाडीत कोण कोण होतं?"

"मी होते," मी म्हटलं. "आठवली का बायको?"

"लागलं नाही ना तुला?"

"नाही लागलं."

"बरं झालं," असं म्हणून हे वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. "गाडीत कोण कोण होतं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. "अहो, पुरे झालं."

"लागलं नाही ना तुला?" ह्यांचा चेहरा अगदी काळजीचा होता, जणू पहिल्यांदाच विचारतायत. तिसऱ्यांदा त्यांनी तेच विचारलं तेव्हा मी पट्टा सोडला. कारण हेही मी जेवताना ऐकलेलं होतं. धडकेनंतर माणूस चालतो, बोलतो, पण तेच तेच विचारायला लागला तर समजायचं की डोक्याला मार बसलाय.

मी उतरले. ह्यांना धरून कडेला बसवलं. कानाच्या वर, केसांत, हाताला टेंगूळ लागलं. मी अँब्युलन्सला फोन केला. चौक कुठला, बाजूला काय आहे, कुठल्या रस्त्यानं लवकर याल, सगळं ह्यांच्याच शब्दांत सांगितलं. व्हॅनवाला पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

"पाणी नको," मी म्हटलं. "डॉक्टर सांगेपर्यंत तोंडात काही द्यायचं नाही. तुम्ही मागून ह्यांचं डोकं धरा. मान हलू देऊ नका."

"वहिनी, माझी चूक झाली हो."

"ते नंतर. आधी धरा."

त्यानं धरलं. अँब्युलन्स येईपर्यंत सोडलं नाही. धडकही त्यानंच दिली आणि मानही त्यानंच सांभाळली. त्याच्यावर रागवायचं माझ्याच्यानं तेव्हाही झालं नाही आणि आजही होत नाही.

मी समोर बसून बोलत राहिले. हे विचारायचे, "कोण होतं गाडीत?" मी म्हणायची, "मी होते." हे विचारायचे, "लागलं नाही ना तुला?" प्रत्येक वेळी तीच काळजी, आणि माझं 'नाही' ऐकल्यावर तोच जीव भांड्यात पडल्याचा सुस्कारा. एवढ्या संसारात ह्यांनी मला इतक्यांदा कधी विचारलं नव्हतं. मी रडत होते आणि उत्तर देत होते.

क्रेन आली तेव्हा ह्यांना अँब्युलन्समध्ये चढवत होते. जोडीदार सवयीनं खुर्ची घेऊनच खाली उतरला होता. तो ती तशीच हातात धरून उभा राहिला.

डोक्यात रक्त साकळलं होतं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, हे उठले, बोलले, माझ्या हातच्या चहाला नावं ठेवली. तेव्हा मी वॉर्डच्या बाहेर जाऊन भिंतीलाच हात जोडले. क्रेन चालवणं मात्र कायमचं बंद झालं. जोडीदार घरी आला, जुनी खुर्ची दारात ठेवून म्हणाला, "दादा, क्रेनमध्ये मी नवी घेतलीय. ही तुमची."

त्या दुपारचं ह्यांना काहीच आठवत नाही. परवा गॅलरीत उभे असताना एकदम म्हणाले, "मी सगळं नीट केलं होतं का गं?"

"केलंत. त्रिकोणसुद्धा ठेवलात."

"आणि तुला? तुला विचारलं का मी, लागलं का म्हणून? की गेलो आपला गाडी बघायला?"

"विचारलंत," मी म्हटलं. "परत परत विचारलंत."

"मग ठीक आहे."

कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी उघडली, एक पाय डुगडुगतो तिथं खाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बस."

मी बसले. हे शेजारी उभे राहिले, कठड्याला धरून.