त्सोनाच्या बाजूचं दार

"दार कुठे ठेवायचं, काका?" मेतोदीने विचारलं. त्याच्या एका हातात मोजपट्टी होती आणि दुसऱ्यात खुंटी.

आमच्या गावात कुंपण घालणारा माणूस आधी हेच विचारतो. दोन शेजाऱ्यांच्या परसांमध्ये एक बुटकं दार असतं, त्याला आम्ही कोमशुलुक म्हणतो. त्याचे दोन खांब आधी रोवायचे आणि तिथून दोन्हीकडे दोरी ताणायची, ही आमच्याकडची रीत. माझं लाकडी कुंपण यंदाच्या बर्फाने पार आडवं झालं होतं. दार मात्र उभं होतं.

"दार नको," मी म्हटलं.

"नको? मग त्सोनाकाकू येणार कुठून? उडी मारून?"

"अरे, तीच म्हणाली नको म्हणून. मांजरं येतात, वारा येतो. तिलाच कटकट झालीय त्याची."

मेतोदीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "बरं बुवा," तो म्हणाला, "तुमचं अंगण, तुमचं कुंपण." आणि त्याने खुंटी कोपऱ्यात ठोकली.

त्सोना असलं काही म्हणाली नव्हती. ती प्लोवदिव शहरातल्या इस्पितळात होती. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि नेमके तेच दोन आठवडे हेरून मी मेतोदीला बोलावलं होतं. हे लिहितानाही माझी मान खाली जाते.

तसा मी काही वाईट माणूस नाही, निदान तोवर स्वतःला समजत नव्हतो. तीस वर्षं बस डेपोत गाड्या सोडल्या, एकाही गाडीची वेळ चुकवली नाही. माझी बायको यानका आणि ही त्सोना चाळीस वर्षं त्या दारातून ये-जा करत होत्या. मिरच्या भाजायच्या एकत्र, कॉफी प्यायची एकत्र, नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडायची तीही एकत्र. मग त्सोनाचा नवरा गेला. दोन वर्षांपूर्वी यानका गेली. त्सोनाचं येणं काही थांबलं नाही. सकाळी सातला दार करकरायचं, ओट्यावर सूपाचं पातेलं आदळायचं आणि हाक यायची, "अरे स्तामेन, उठलास की खपलास?" मी बाहेर येईपर्यंत ती माझ्या टोमॅटोंना पाणी घालत असायची, वर मलाच शिव्या देत, की झाडांचं काय करून ठेवलंयस म्हणून.

एकदा मधुशाळेत आमच्या गल्लीतला गांचो म्हणाला, "स्तामेन, त्या दाराला जरा तेल घाल बाबा. सकाळी सातला करकरतं आणि अख्ख्या गल्लीला कळतं."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. पण कान तापले ते घरी येईपर्यंत तापलेलेच होते. एकाहत्तराव्या वर्षी माझ्या नावाने लोक डोळे मिचकावतात, आणि तेही त्सोनावरून, जी मला जेवू घालते म्हणून मी दोन वर्षं तग धरून आहे! हे मला तिथेच ठणकावून सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मी कुंपण घालायला काढलं.

मेतोदीचं काम चोख. खांब सिमेंटमध्ये रोवून दोन दिवस वाळू दिले, मग पत्र्याच्या उंच फळ्या एकेक करून बसवत तो कोपऱ्याकडून आत आला. शेवटची फळी तेवढी राहिली होती, नेमकी जुन्या दाराच्या जागेवरची, आणि तेवढ्यात पलीकडून काठीचा आवाज आला. त्सोना दोन दिवस आधीच घरी आली होती.

त्या फटीत ती उभी राहिली. इस्पितळाच्या चपलाही अजून पायातच होत्या. तिने कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"हे काय रे, दार कुठाय?"

मी मेतोदीची हातोडी उचलली, कशासाठी ते मलाही माहीत नाही. मेतोदी बिचारा सरळ मनाचा. तो म्हणाला, "काकू, तुम्हीच नको म्हणालात ना? स्तामेनकाकांनी सांगितलं मला. मांजरांचा त्रास होतो म्हणून."

त्सोनाने माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. आता ती तोंड सोडेल, अख्खी आळी गोळा करेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. खरं तर तसं झालं असतं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

"हो," ती मेतोदीला म्हणाली. "मीच म्हणाले होते. आता म्हातारपण, लक्षात राहत नाही बघ."

"अजून फळी लावली नाहीये, काकू. तासाभराचं काम आहे. बिजागऱ्या गाडीतच आहेत."

"नको रे बाबा. छान केलंयस. लाव ती फळी."

मेतोदीने फळी उचलली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसवली.  मी हातोडी त्याच्या हातात दिली, बस्स.

त्यानंतर तीन दिवस सात वाजले आणि काहीच वाजलं नाही. टोमॅटोंना मीच पाणी घातलं. चौथ्या दिवशी मेतोदीला फोन करून म्हटलं, दार बसवायचंय. तो म्हणाला, "काका, आधी त्यांना विचारा. यावेळी मी स्वतःच्या कानांनी ऐकणार आहे." बरोबरच होतं त्याचं.

म्हणून मी रस्त्याने निघालो. आमची परसं एकमेकांना लागून असली तरी घरांची तोंडं दोन वेगळ्या गल्ल्यांत आहेत. चर्चवरून खाली उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढ चढायचा. मला वीस मिनिटं लागली. वर पोचलो तेव्हा कळलं की त्सोनाचं घर कोणतं हे मला समोरून ओळखता येत नाही. चाळीस वर्षांत मी त्या बाजूने कधी गेलोच नव्हतो. एक बाई कपडे वाळत घालत होती, तिला विचारलं.

"ते हिरवं फाटक," ती म्हणाली. "बाहेरगावचे का तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. तिचा शेजारी आहे असं सांगायला जीभ रेटेना.

हिरव्या फाटकावर, जसे सगळ्यांच्या फाटकांवर असतात तसे, गेलेल्या माणसांचे छापील कागद चिकटवलेले होते. त्सोनाच्या नवऱ्याचा पिवळा पडलेला. त्याच्या शेजारी एक नवा कोरा. त्यावर यानकाचा फोटो होता, मिरच्या भाजतानाचा, डोळे धुराने बारीक झालेले. वर लिहिलं होतं, दोन वर्षं झाली, आमच्या मनातून गेलेली नाही. तारीख गेल्या महिन्याची होती, त्सोना इस्पितळात जायच्या आदल्या आठवड्यातली. माझ्या फाटकावर असा कागद लावायचा यंदा मी विसरलो होतो. विसरलो कसला, कोण वाचतंय आता, असं म्हणून सोडून दिलं होतं.

कागदाच्या तळाशी तो छापून घेणाऱ्याचं नाव असतं. तिथे छापलं होतं: तिचा नवरा, स्तामेन. त्सोनाचं नाव कुठेच नव्हतं.

मी घंटी दाबली. आतून काठीचा आवाज सावकाश जवळ येत गेला आणि फाटकापाशी थांबला.

"कोण आहे?" तिने विचारलं.

मी टोपी काढून हातात धरली. "तुझा शेजारी," मी म्हटलं.