कानापर्यंत गेलेली रेघ

महानंदाचे डोळे हरणीचे, पण कंपनीच्या जुन्या ओळखपत्रावर ते मिटलेले. कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात ती गळ्यात स्वतःचाच झोपलेला चेहरा घेऊन हिंडायची. "उठलीस काय गे?" असं कँटीनमध्ये कुणीही विचारायचं. आज नव्या कार्डांचे फोटो निघणार होते. आज डोळे दिसायलाच हवे होते.

यशवंतपूरहून सुटणारी कंपनीची बस म्हणजे बायकांचा चालता आरसेमहाल. सकाळी घरी सवड कुणाला? पावडर, टिकली, काजळ, सगळं बसमध्ये. म्हणून गतिरोधक दिसताच ड्रायव्हर नागराज अण्णा चाक वळवता वळवता पुकारायचा, "हंप!" की सगळ्यांचे हात वर. बस उसळून खाली बसली की हात पुन्हा डोळ्यांवर.

"लायनर मी लावते," पुण्याहून आलेली मुग्धा म्हणाली. "कोपऱ्यातून बाहेर बारीकशी विंग काढते. डोळे एकदम मोठे दिसतील बघ."

"बारीक कशाला?" पॅकिंगमधल्या यल्लव्वा अक्कानं डबी उघडली. तिचं काजळ घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. "फोटोत दिसाय पाहिजे की. बोटभर ओढ."

"बोटभर? अक्का, ती काय मांजर आहे?"

"मांजर नको, आणि मुंगी पण नको," म्हणत अक्कानं सूरच धरला:

काजळ रेखिते बाई, डोळ्याच्या कडेला
कंपनीची बस माझी, पोचेना वेळेला

मुग्धानं उजव्या डोळ्यावर रेघ सुरू केली. सगळी बस माना लांब करून बघू लागली. आरशातून नागराज अण्णाही.

"स्वल्प वर घे," तो म्हणाला. "अजून स्वल्प..."

आणि त्या नादात पुकारायचंच विसरला.

धाड!

रेघ डोळ्याच्या कोपऱ्यातून जी सुटली, ती थेट कानाच्या पाळीला जाऊन टेकली.

"पूस, पूस!" सगळ्या ओरडल्या.

"पुसणार कशी? वॉटरप्रूफ आहे!" मुग्धा रडकुंडीला आली.

"मग दुसरी पण कानापर्यंत ने," अक्का म्हणाली. "कारहुणवीच्या सणाला बैलाचं एकच शिंग रंगवतेत काय?"

"मला बैल म्हणालीस, अक्का!"

"बैल देखणा असतोय गे. हलू नको."

फोटोवाला आधी बघतच राहिला, मग त्यानं घाईघाईनं बटण दाबलं. कार्ड आलं तेव्हा अख्ख्या बसमध्ये हातोहात फिरलं. डोळे टक्क उघडे, आणि नदीला काठ असावेत तशा दोन्हीकडे काळ्याभोर रेघा. महानंदानं ते ओढणीवर, अगदी मधोमध लटकवलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर शिवाप्पा नवीन रखवालदार. त्यानं कार्ड बघितलं, तिचा धुतलेला चेहरा बघितला, पुन्हा कार्ड बघितलं.

"ही कोण?"

"मीच की, अण्णा."

"हिचे डोळे कानापर्यंत हाईत. तुमचे कुठं गेले?"

"आंघोळीत गेले."

"मग घेऊन या. कार्डावर हाय तसंच माणूस आत सोडायचं."

मागं बायकांची रांग खुसखुसू लागली. महानंदानं यल्लव्वाची डबी मागून घेतली, उभ्या बसच्या काचेपाशी गेली आणि दोन्ही डोळ्यांना काजळ ओढत ओढत कानापर्यंत नेलं. हात जराही हलला नाही. काचेत स्वतःला बघून ती थोडी जास्तच वेळ थांबली.

शिवाप्पानं कार्ड तिच्या गालाशेजारी धरून नीट जुळवलं.

"सरी, बरोबर हाय," तो समाधानानं म्हणाला. "आता आलात बघा."