काखेतलं हेल्मेट

आमच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा, हेल्मेट घालून हाताने चेंडू पळवायच्या खेळाचा, तो शेवटचा हंगाम होता. विश्वस्तांनी ऑगस्टमध्येच सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षी संघ नाही. वर आम्हाला म्हणाले, यंदा जीव तोडून खेळा. पोरांनी ते खरंच मनावर घेतलं.

आणि आम्ही दर शनिवारी हरलो. नोव्हेंबर उजाडेपर्यंत निम्मा संघ लंगडत होता. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात धान्याच्या कोठारांपलीकडे बघण्यासारखं काही नाही, म्हणून गाव सामन्याला यायचं, राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल हादडायचं आणि आम्हाला नावं ठेवत घरी जायचं. एकदा तरी जिंकून मरू, एवढंच पोरांचं मागणं होतं.

मी रांगेतल्या पोरांचा कोच. रांगेतली पोरं म्हणजे पुढे वाकून धक्के खाणारे आडदांड. चेंडू घेऊन पळतो त्याचा फोटो येतो, यांचं नाव त्यांच्या आईला तेवढं ठाऊक असतं. त्यांच्यातला मधला गडी डिलन कुचेरा. वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकणं हे त्याचं काम. लाथेने चेंडू खांबांमधून मारायचा असला की तो बराच लांब फेकावा लागतो, तेही उलटं बघत. डिलनचा चेंडू गरगरत सरळ जायचा आणि पकडणाऱ्याच्या तळव्यात जाऊन बसायचा. तसा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

शेवटच्या सामन्यात गारठा होता, बर्फमिश्रित पाऊस होता, मैदानाचा नुसता राडा झाला होता. मध्यंतराआधी डिलनच्या डोक्याला जोरात धडक बसली. तो उठला आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. आमची जोलीन, पोरांची दुखणीखुपणी बघणारी, त्याला धरून घेऊन आली.

"आज वार कोणता?" तिने विचारलं.

"सामन्याचा."

पोरं हसली. जोलीन हसली नाही. तिने त्याचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. डोक्याला मार लागलेल्या पोराशी वाद घालायचा नाही, हेल्मेट काढून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. बिनहेल्मेटच्या गड्याला पंच मैदानात पाऊल टाकू देत नाहीत.

"कोच, हे खाली ठेवू नका," ती म्हणाली. "ही पोरं चोर आहेत एकजात."

"कोच, मला काही झालेलं नाही," डिलन म्हणाला.

"मग वार सांग," जोलीन म्हणाली.

तो गुणफलकाकडे बघू लागला. मी हेल्मेट काखेत घट्ट धरलं आणि त्याची काळजी सोडून दिली.

त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा वेस्टन गेला. त्याने दोनदा चेंडू पकडणाऱ्याच्या डोक्यावरून भिरकावला. तरी काय झालं कोण जाणे, पोरं झुंजत राहिली. शेवटाला आम्ही दोन गुणांनी मागे होतो, आणि खांबांमधून एक लाथ गेली तर तीन गुण मिळणार होते. जोलीन घोटा मोडलेल्या एका पोराला घेऊन आत गेली होती. आमचे मुख्य कोच रोल्फ्स ओरडले, "चला, लाथवाले आत!" चिखलाने माखलेली पोरं धावत गेली. कुणाच्या पाठीवरचा आकडा दिसत नव्हता.

वेस्टन पुन्हा माती खाणार, या भीतीने मी श्वास रोखून बघत होतो. चेंडू निघाला. गरगरत, सरळ, पकडणाऱ्याच्या तळव्यात. मला इतका आनंद झाला! शाब्बास रे, असं ओठांवर आलं आणि तिथेच विरलं. तो हात मी ओळखला होता.

लाथ बसली, चेंडू खांबांमधून गेला, गाव मैदानात उतरलं. मी गर्दी ढकलत उलट्या बाजूला धावत होतो. डिलन चिखलात पालथा पडला होता. त्याच्या अंगावरून तिघे गेले होते आणि डोक्यावर काही नव्हतं. हेल्मेट दूर जाऊन पडलं होतं.

ते टेरेल बूकरचं होतं. टेरेल डिलनचा खोलीतला सोबती, टेक्सासचा. गुडघा बांधलेला असूनही शेवटचा सामना म्हणून तो पूर्ण पोशाखात बाकावर बसला होता. इस्पितळात तो भिंतीला टेकून माझ्याशी बोलला.

"तो म्हणाला, एकच चेंडू आहे, टेरेल. नुसता फेकायचाय, भिडायचं नाही कुणाला." मग म्हणाला, "माझं डोकं मोठं आहे, कोच. त्याला ते सैल झालं."

त्याला शिव्या घालाव्यात म्हणून मी तोंड उघडलं होतं. घातल्या नाहीत. सगळ्या गावाने त्या पोरांकडे एक विजय मागितला होता, आणि मीही मागितला होता.

डिलन जगला. आता तो लिंकन शहरातल्या एका शुश्रूषा केंद्रात असतो. उजवी बाजू चालत नाही. रविवारी मी आणि टेरेल जातो.

"कोच, जिंकलो का?"

"जिंकलो."

चेहरा फुलतो. घटकाभराने तो पुन्हा तेच विचारतो, आणि पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा फुलतो. मार्चमधल्या एका रविवारी टेरेलचा धीर सुटला. "हरलो," तो म्हणाला. विचारणं थांबेल असं त्याला वाटलं असावं.

डिलन म्हणाला, "बरं. मग पुढच्या शनिवारी मी फेकतो. त्या नव्या पोराला नका पाठवू." आणि तो पलंगावरून पाय खाली टाकू लागला. पाय येत नव्हता, तरी तो ओढत राहिला.

त्याची आई मार्लीन खिडकीपाशी बसली होती. तिने येऊन तो पाय उचलून पांघरुणात ठेवला आणि टेरेलच्या खांद्यावर हात ठेवला. "जिंकलो म्हणून सांग त्याला, बाळा. दर वेळी सांग."

टेरेलने सांगितलं. डिलनने माझ्याकडे बघून विचारलं, "माझा चेंडू नीट गेला ना, कोच?"

"सरळ गेला, बाळा," मी म्हणालो.