तटाखालचं लेट्यूस

इस्तंबूलच्या जुन्या तटाखाली आमच्या चार पिढ्यांनी लेट्यूस पिकवलं. दरवर्षी मळ्यातला सगळ्यात देखणा गड्डा कापायचा नाही, त्याला लाल चिंधी बांधून बियाण्याला सोडायचा. चोरसुद्धा त्या चिंधीला हात लावत नसे.

या वर्षी तिथे पार्क व्हायचं ठरलं. मुलाने मला उचलून सामुद्रधुनीपलीकडे, आशियाच्या बाजूला, नवव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. होतं नव्हतं ते बी मी मार्चमध्येच पेरून बसलो होतो. मळा जाईल असं डोक्यातच आलं नाही. गाढव मी!

शेजारच्या मळ्यातल्या शाबानचा फोन आला, "इद्रिसदादा, यंत्र उद्या येतंय. तुझा चिंधीवाला अजून उभा आहे."

सकाळच्या पहिल्या बोटीने गेलो. तटाशी एक गाइड पाहुण्यांना सांगत होता, "सोळाशे वर्षांचा तट!"

"आणि त्याखालचा मळा काय काल उगवला?" मी विचारलं.

"काका, बाजूला व्हा, फोटोत येताय."

वा रे इतिहास! दगड जपायचे आणि त्याखाली राबणारी माणसं हाकलायची.

मळ्यात शाबानने चिंधीवाल्याचं बोंड चुरडून पाहिलं. "हिरवंच आहे रे. दहा दिवस तरी हवेत."

"मग यंत्राला सांग थांबायला!"

"सांगितलं. पार्कचा साहेब म्हणाला, लेट्यूस बाजारात मिळतं."

आम्ही मुळासकट, मातीसकट ते झाड ऑलिव्हच्या रिकाम्या डब्यात बसवलं. बोटीत चहा पिणारी एक बाई हसली, "काका, हे काय खाणार? कडूजहर असेल."

"खायला नाही, बाई. घर सुटलंय त्याचं."

तिचं हसू थांबलं. वारा अडेल अशी तिने आपली पिशवी डब्याला लावून ठेवली.

पानं चौथ्या दिवशी माना टाकून बसली. नवव्या दिवशी शेंड्याला बी पिकल्याची पांढरी पिसं फुटली. अकरा दाणे हाती लागले.

"बाबा, कुंडीत पेरा ना," सूनबाई म्हणाली.

"कुंडीत पेरलं की मी इथला झालो, पोरी."

तिने काचेची बाटली पुसून कोरडी करून दिली.

हे बी फार तर तीन वर्षं टिकतं. तेवढ्यात मला वीतभर जमीन मिळायला हवी, पाण्याच्या त्या बाजूला, तटाच्या सावलीत. बाल्कनीतून तट दिसत नाही, इमारती आड येतात. तरी मी खुर्ची तिकडेच वळवून बसतो. बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी बांधली आहे.